फ्रीजखालचा इतिहास

तेजश्रीनं फ्रीजच्या पुढच्या डाव्या पायाखालून फ्रान्सचा इतिहास ओढून काढला, तसा फ्रीज पुढे झुकला आणि आतल्या सोड्याच्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. प्रवीणनं गुडघा लावून फ्रीज अडवला.

"वीट दे," तो म्हणाला.

"कुठाय वीट?"

"वीट असती तर पुस्तक कशाला लावलं असतं गं."

कोपऱ्यात बसलेला कमळ्या उठला, बाहेर गेला आणि हायवेच्या कडेचा एक चपटा दगड घेऊन आला. दगड बरोबर बसला. फ्रीज पूर्वीपेक्षा सरळ उभा राहिला. हे दीड वर्षात कोणालाच सुचलं नव्हतं.

फ्रीज प्रवीणच्या मेहुण्याचा होता. कुंभिवलीच्या फाट्यावर त्याचं थंडपेयांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत खालापूर-कर्जत कंत्राटी वीज कामगार संघाचं कार्यालय. प्रवीण अध्यक्ष. तेजश्री सबस्टेशनवर ऑपरेटर आणि संघाची सचिव, कारण निवडणुकीच्या दिवशी ती ड्यूटीवर होती आणि नाही म्हणायला हजर नव्हती. कमळ्या साधा सभासद. पण गेले तेवीस दिवस संघटना जागी होती ती त्याच्यामुळे. त्याला कामावरून काढलं होतं.

काढलं होतं फ्यूजवरून.

खांबावर चढण्याआधी रस्त्याकडेच्या डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, पेटीतले फ्यूज काढायचे आणि खाली उभ्या माणसाच्या हातात द्यायचे. चढलेला माणूस उतरून, स्वतःचा हात पुढे करून मागेल तेव्हाच ते परत द्यायचे. साहेबानं मागितले तरी नाही, मंत्र्यानं मागितले तरी नाही. वर माणूस असताना खालून कोणी फ्यूज घातला तर काय होतं, हे समजावून सांगायची गरज या कामात कोणाला पडत नाही. इकडच्या लाइनवरची ही रीत. ती कुठे लिहिलेली नव्हती.

त्या दिवशी कळंबच्या रस्त्याला सुनील खांबावर होता आणि कमळ्या तीन फ्यूज घेऊन खाली. सुनीलची दाढ दुखत होती. काम झालं तसा तो उतरला, मोटरसायकलवर बसला आणि नेरळला दाताच्या डॉक्टरकडे निघून गेला. फ्यूज मागायचे राहिले. सुपरवायझर राजेश आला आणि त्यानं रिकाम्या खांबाकडे बोट दाखवलं.

"वर कोण हाय?"

"कोण नाय," कमळ्या म्हणाला.

"मग घाल ना फ्यूज."

"त्यानं मागितले नाय."

सुनीलचा फोन लागेना. कमळ्यानं तिन्ही फ्यूज पिशवीत घातले, टेंपोला हात केला, नेरळ गाठलं आणि दवाखान्याच्या खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या सुनीलसमोर जाऊन उभा राहिला. सुनीलला बोलता येत नव्हतं. त्यानं हात पुढे केला, फ्यूज घेतले, छातीवर ठेवले आणि परत कमळ्याच्या हातात दिले. डॉक्टर म्हणाले, आता तोंड मिटू नका. कमळ्या कळंबला परतला आणि त्यानं फ्यूज घातले. या सगळ्याला तीन तास चाळीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ तीन रिसॉर्टांची लाइट गेलेली होती. एकात साखरपुडा होता. अंगठ्या घालून झाल्या, पण डीजे वाजला नाही, त्यामुळे साखरपुडा झाला हे मानायला मुलाकडचे तयार नव्हते.

ठेकेदाराच्या पत्रात कमळ्यावर ठपका होता, 'मालमत्ता घेऊन पलायन'.

"पलायन म्हंजे?" कमळ्यानं तेव्हा विचारलं होतं.

"पळून जाणं," तेजश्रीनं सांगितलं होतं.

"मी टेंपोत बसून गेलो."

आता कामगार अधिकाऱ्यांचं पत्र आलं होतं. कमळ्यानं पाळली ती रीत खरोखर जुनी आहे आणि सगळे पाळतात, असं दिसलं तर त्याला काढणं चूक ठरणार होतं. नाही दिसलं तर चोरीचा शिक्का घेऊन तो नेरळच्या नाक्यावर मजुरांच्या रांगेत उभा राहणार होता. पोशीरच्या वरच्या वाडीतून खांबावर चढलेला तो पहिला माणूस. सदर प्रथा कधीपासून रूढ आहे, याचा खुलासा संघटनेच्या इतिहासासह मंगळवारपर्यंत सादर करावा, असं पत्रात होतं.

"आपला इतिहास लिव्हलास ना?" प्रवीणनं विचारलं.

तेजश्रीनं कागद पुढे केला. इतिहास नऊ ओळींचा होता. संघटना २०१९ साली स्थापन झाली, कारण ठेकेदारानं साठ हातमोजे दिले आणि साठही डाव्या हाताचे निघाले. संघटनेनं निवेदन दिलं. ठेकेदारानं साठ डावे परत नेले आणि साठ उजवे आणून दिले. त्यानंतर काम थोडं थंडावलं. सभांचं रजिस्टर २०२१ च्या पुरात गेलं.

प्रवीणनं तो दोनदा वाचला.

"यात रीत कुठाय?"

"कुठं घालू? डाव्यांच्या आधी का उजव्यांच्या नंतर?"

"रीत जुनी हाय का नाय?"

"हाय."

"मग संघटना पण जुनी पायजे," प्रवीण म्हणाला आणि त्यानं तिच्या हातातल्या पुस्तकावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली.

पुस्तक फ्रान्समधल्या वीज कामगारांच्या एका संघटनेच्या इतिहासाचं होतं. दीड वर्षापूर्वी त्या संघटनेचे आठ निवृत्त सभासद कळंबच्या रिसॉर्टला उतरले होते आणि पहिल्याच दुपारी त्यांची लाइट गेली होती. प्रवीण खांबावर चढला, तेव्हा आठही म्हातारे अर्ध्या चड्डीत खाली गोल करून उभे राहिले, वर बघत. मधूनमधून ते हातवारे करत होते. त्यातले निम्मे बरोबर होते, असं प्रवीण नंतर म्हणाला. लाइट आल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, प्रवीणच्या गळ्यात पडले आणि जाताना हे जाड पुस्तक देऊन गेले. फ्रेंच कोणालाच येत नव्हतं. फ्रीज मात्र तेव्हापासून डुगडुगायचा थांबला.

"मोबाइल धरला की मराठीत येतं," प्रवीण म्हणाला. "नावं बदल. इतिहास सगळ्यांचा सारखाच असतो गं. कोणतरी वर चढतं, कोणतरी खालून ओरडतं."

"हे खोटं होईल, प्रवीणदादा."

"नमुना म्हणून लिव्ह. देणार नाय आपण."

कमळ्या इतका वेळ फ्रीजखालच्या दगडाकडे बघत होता. तो म्हणाला, "आई जेवत नाय."

तेजश्री त्याच्याकडे वळली.

"ठमीकाकी? का रं?"

"सारखी इचारते, किती फ्यूज होते. मी सांगतो, तीन. ती म्हनते, नीट मोज."

प्रवीणनं मेहुण्याच्या फ्रीजमधून त्याला एक सोडा दिला.

तेजश्रीनं दोन दिवस सबस्टेशनवर बसून, दर तासाला मीटरचे आकडे टिपत, मधल्या वेळात पुस्तकावर मोबाइल धरला. मराठी येत होतं, पण ते बराच लांबचा प्रवास करून दमल्यासारखं येत होतं. गॅसचे दिवे लावणाऱ्यांपासून सुरुवात होती. मग संप. मग लढाई आणि तुरुंग, ज्यातून काही जण परत आले नाहीत. त्या पानांवर तिनं गावांची नावं बदलली नाहीत, ती पानंच सोडून दिली. मग १९४६ साली वीज आणि गॅस देशाच्या मालकीचे झाले. मग कामगारांच्या निधीतून कामगारांसाठी सुट्टीची घरं निघाली, डोंगरात आणि समुद्रकाठी. इथे तिनं माथेरान आणि अलिबाग घातलं. शेवटी शेवटी एक प्रकरण होतं. संपाच्या काळात कामगारांनी गरिबांच्या घरांची तोडलेली वीज परत जोडून दिली, गुपचूप. त्या पानावर एक काळा-पांढरा फोटो होता. खांब, वर पाठमोरा माणूस आणि खाली डोक्याला फडकं बांधलेली एक बाई. तिची उजवी मूठ छातीशी घट्ट मिटलेली होती. मुठीत काय आहे ते फोटोखाली लिहिलेलं नव्हतं. तेजश्रीनं फोटो मोठा करून पाहिला. मूठ फक्त मोठी झाली.

तिनं नमुना फोटोसकट प्रवीणला पाठवला. प्रवीणनं तो वाचला, त्याला आवडला आणि त्यानं तो 'वीर लाइनमन' या ग्रुपवर टाकला. मग शिक्का मारून कामगार कार्यालयात देऊनही आला.

अर्ध्या तासानं ग्रुपवर सुरू झालं.

कळंबच्या एकानं लिहिलं की सेहेचाळीस नाय, सत्तेचाळीस, आमचे आजोबा सांगायचे. दुसऱ्यानं लिहिलं की सेहेचाळीसच, पण सुरुवात खोपोलीकडून झाली, त्याचं नाव मुद्दाम गाळलंय. दातांचं काम पूर्ण झालेल्या सुनीलनं माथेरानच्या सुट्टीच्या घराचं बुकिंग कोणाकडे करायचं ते विचारलं. मे महिन्यात मिळेल का. त्यावर चौघांनी हात वर केल्याची चित्रं टाकली. एकानं जुना राग काढला की अलिबागचं घर नेहमी खालापूरवाल्यांनाच मिळतं, कर्जतवाल्यांना कधीच नाही.

"एकानं तर सांगितलंय तो राहून आलाय," तेजश्री फोनवर प्रवीणला म्हणाली.

"कुठं?"

"माथेरानला. आपल्या घरात. म्हणतो, पाण्याचा प्रॉब्लेम हाय."

पलीकडे सोड्याची बाटली उघडल्याचा आवाज आला.

"असंल पण," प्रवीण म्हणाला.

तेजश्रीनं फोन ठेवला आणि पुस्तक उघडून माथेरान आपण घातलं की पुस्तकात होतं, ते पुन्हा एकदा तपासलं.

सोमवारी दुपारी सबस्टेशनच्या फाटकाशी सदूकाका उभे होते. पोशीरचे, तिच्याच गावचे. वीज मंडळात तेहतीस वर्षं लाइनमन होते आणि निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती. तेव्हापासून ते या फाटकाच्या आत आले नव्हते. त्यांनी कंट्रोल रूमच्या दारात चपला काढल्या, सवयीनं मीटरकडे नजर टाकली आणि नातवाचा मोबाइल तिच्यापुढे धरला. पडद्यावर तो फोटो होता.

"हा कोणी काढला?"

"काका, तो फ्रान्सचा आहे."

"फ्रान्सचा कोण होता तिथं?"

तेजश्रीनं खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"तिथं मी होतो, ठमी होती आनि तिच्या शेळ्या. चौथं कोण नव्हतं. जीप मागनं आली."

"कोणती ठमी?"

"कमळ्याची आई. दुसरी कोणती ठमी हाय वाडीत?"

सदूकाका उभ्या उभ्याच सांगू लागले.

चौऱ्याण्णव साली वाडीला लाइट येऊन महिना झाला होता. नऊ घरं, नऊ दिवे. मग कुठलातरी कागद अडला. जमीन जंगलाची की कोणाची, ते ठरेपर्यंत लाइन तोडा, असा हुकूम आला. सदूकाका गेले आणि तोडून आले. ठमी दारात उभी होती, काखेत पोर होतं. ती भांडली नाही. तिनं घरातला दिवा काढला, पदरानं पुसला आणि मंडळाचा असेल तर घेऊन जा म्हणून पुढे केला. दुसऱ्या दिवशी सदूकाका परत गेले. डीपीतला फ्यूज काढून तिच्या हातात दिला. मी खाली उतरून मागेन तेव्हाच दे, म्हणाले, दुसऱ्या कोणाला नाय, देव आला तरी नाय. चढले. जोड मारला. वरूनच त्यांना जीप दिसली.

"मी खाली उतरलो तर ही गायब. जीप बघून शेळ्यांत घुसली, फ्यूज घेऊन. हाका कशा मारनार? पेटीत फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा टाकला, पेटी लावली, जीपमध्ये बसलो. साहेब म्हनले, तोडलीस ना रं? म्हनलं, तोडली."

"मग?"

"मग काय. कागदावर अंधार, वाडीत लाइट. नऊ वर्षं, कागद सुटेपर्यंत." ते थांबले. "महिन्यानं माझी बदली झाली. परत गेलो नाय. फ्यूज मागायला जानं म्हंजे केलं ते सांगायला जानंच की."

तेजश्रीनं पुस्तक आणलं आणि ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. छापलेला फोटो मोबाइलपेक्षा स्वच्छ होता. सदूकाकांनी चष्मा लावला. त्यांनी खांब पाहिला, माणूस पाहिला, मूठ पाहिली. मग त्यांची नजर खाली गेली आणि तिथेच राहिली. बाईच्या पायात नाडीचे बूट होते.

"ठमीच्या पायात बूट नव्हते," ते म्हणाले.

"नाही."

"मग मी हे तुला कशाला सांगितलं?"

सदूकाकांनी चष्मा काढला, घडी केला, उघडला आणि पुन्हा घडी केला.

"पेन्शन हाय माझी. तू ऐकलं नायस."

"नाय ऐकलं."

ते दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि मागे वळून न बघता म्हणाले, "त्या पोराला काढलं ते फ्यूज दिला नाय म्हनून?"

"हो. ज्यानं मागायला पाहिजे त्यानं मागितला नव्हता म्हणून."

सदूकाका फाटकाबाहेर पडले. एस.टी.चा थांबा उजवीकडे होता. ते डावीकडे गेले, थोडं चालले, थांबले आणि उजवीकडे आले.

मंगळवारी कर्जतला सुनावणी होती. वरच्या मजल्यावरची खोली, एक लांब टेबल, टेबलापलीकडे कामगार अधिकारी बाई आणि त्यांच्या बाजूला टायपिस्ट. ठेकेदारातर्फे राजेश आला होता. इस्त्रीचा शर्ट घालून तो साखरपुड्याचे फोटो घेऊन बसला होता. त्या फोटोंत सगळे वर, बंद पंख्याकडे बघत होते. भिंतीलगतच्या बाकावर कमळ्या आणि त्याच्या शेजारी ठमीकाकी. तिच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीवर दोन्ही हात. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर सदूकाका येऊन बसले होते. कोणी विचारलं तर कर्जतला सहज आलो होतो, असं सांगायची त्यांची तयारी दिसत होती. कोणी विचारलं नाही.

बाईंनी फाइल उघडली.

"तुमच्या संघटनेनं १९४६ साली वीज उद्योग देशाच्या मालकीचा केला, असं इथे लिहिलंय."

"हो, मॅडम," प्रवीण म्हणाला.

"खालापूर तालुक्यात."

"सुरुवात तिथनं झाली."

राजेशनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. बाईंनी पान उलटलं.

"माथेरानला विश्रामगृह आहे?"

"पाण्याचा जरा प्रॉब्लेम हाय," प्रवीण म्हणाला.

तेजश्री उठली. उठताना खुर्ची मागे सरकली आणि खुर्चीचा आवाज तेजश्रीला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा झाला.

"मॅडम, हा इतिहास आमचा नाही. फ्रान्सचा आहे."

टायपिस्टचे हात थांबले. प्रवीण छताकडे बघायला लागला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तेजश्रीकडे जरा वेळ पाहिलं. चिडल्यासारखं नाही, तर चुकीच्या फलाटावर उतरलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"मग तुमचा कुठाय?"

तेजश्रीनं पर्समधून नऊ ओळींचा कागद काढून दिला. बाईंनी वाचला. डाव्या हातमोज्यांपाशी त्या थांबल्या, आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि पुढे गेल्या.

"यात ही फ्यूजची प्रथा कुठेच नाही."

"नाही, मॅडम. ती लिहीत नाहीत. पाळतात."

"लिहिलेली नाही, नोंद नाही आणि संघटना परवाची." बाईंनी पेन उचललं. "मी कशावरून मानू की ही रीत आहे, या एका माणसाचा हेकटपणा नाही?"

कमळ्यानं खाली बघितलं. राजेशनं साखरपुड्याचे फोटो टेबलावर पुढे सरकवले. बाई लिहू लागल्या.

"एक मिनिट," मागून कोणीतरी म्हणालं.

सदूकाका उभे होते. एक हात बाकाच्या पाठीवर होता. त्यांनी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, निवृत्तीची तारीख सांगितली. मग चौऱ्याण्णव साल सांगितलं. सांगताना ते बाईंकडे बघत नव्हते, खिडकीबाहेरच्या खांबाकडे बघत होते. दिवा पुसून परत द्यायला निघालेल्या बाईचं सांगितलं, जीपचं सांगितलं, तारेच्या तुकड्याचं सांगितलं. देव आला तरी देऊ नको, असं म्हटलेलंही सांगितलं.

"हा गुन्हा आहे, कळतंय ना तुम्हाला?" बाई म्हणाल्या.

"हाय."

"आणि याला साक्षीदार?"

सदूकाकांनी ठमीकाकीकडे बघितलं नाही. "होती एक बाई," ते म्हणाले. "तिला आठवनार नाय आता."

ठमीकाकी उठली. तिला वाटलं, आपल्याला बोलावलं. ती टेबलापर्यंत आली, पिशवीची गाठ सोडू लागली, गाठ सुटेना म्हणून दातानं सोडली. आत कमळ्याचे कागद होते, कागदांखाली फडकं, फडक्यात आणखी एक फडकं. त्यातून तिनं चिनीमातीचा पांढरा फ्यूज काढला. एका कडेला तो पिवळा पडला होता.

"पोरानं नाय घेतला," ती म्हणाली. "त्याला सोडा. माझ्याकडं हाय."

कमळ्या म्हणाला, "आये, तो हा नाय," आणि मग गप्प झाला, कारण हा कोणता ते त्यालाही माहीत नव्हतं.

"महिना होत आला इचारते याला, किती होते. तीन म्हनतो. मला कळलंच, चौथ्यासाठी धरलाय." तिनं फ्यूज टेबलावर ठेवला नव्हता. हातात धरला होता. "मागायला कोन आलंच नाय. मी काय करू?"

"द्या इकडे," राजेशनं हात पुढे केला.

ठमीकाकीनं मूठ मिटली आणि छातीशी धरली.

तेजश्रीनं ती मूठ पाहिली. फाइलीतलं फोटोचं पान उघडंच होतं. बाईंनीही आधी मुठीकडे पाहिलं, मग पानाकडे.

"बाई, माझ्याकडे द्या," त्या म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरून हात पुढे केला. "मी अधिकारी आहे. इथे जमा करायचा असतो."

"व्हय," ठमीकाकी म्हणाली. मूठ उघडली नाही. ती मागे वळली आणि शेवटच्या बाकाकडे बघत राहिली.

सदूकाका बाकांच्या मधून पुढे आले. टेबलापाशी आल्यावर त्यांनी सवयीनं आधी वर पाहिलं. वर पंखा फिरत होता. मग त्यांनी हात पुढे केला.

"उतरलो गं," ते म्हणाले. "दे."

तिनं फ्यूज त्यांच्या हातात ठेवला आणि मोकळा झालेला हात पदराला पुसला.

बाईंचा हात अजून तसाच पुढे होता. तो त्यांनी हळूच मागे घेतला आणि टेबलावर ठेवला.

"लिहा," त्या टायपिस्टला म्हणाल्या.

"काय लिहू, मॅडम?"

बाईंनी थोडा विचार केला.

"सदर फ्यूज एकतीस वर्षं साक्षीदाराकडे होता. ठेकेदाराच्या प्रतिनिधीनं मागितला, दिला नाही." त्या थांबल्या. "नंतर मी स्वतः मागितला. दिला नाही."